विल्यम फ्लाय नावाचा चाचा



या व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायला आजवर जे आले ते आपापल्या विषयाचे अधिकारी होते. मी तसा नाही. माझी शाळा नववीत सुटली, आणि पुढचे जे काही शिकणे झाले ते युनियनच्या कचेरीतल्या एका लाकडी कपाटापाशी आणि फोर्टातल्या फुटपाथवर मांडलेल्या जुन्या पुस्तकांपाशी. इंग्रजी पुस्तक वाचायला घेतले की अजूनही माझ्या मांडीवर कोश असतो. तेव्हा माझ्या बोलण्यात कोणी विद्वत्ता शोधू नये. पण पगाराच्या चुकलेल्या तारखा, बिनकारण झालेली कपात आणि साहेबाच्या केबिनबाहेर तास तास तिष्ठणारी माणसे मी तीस वर्षे पाहिली आहेत. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका खलाशाची गोष्ट मला जी थोडीफार उमगली, ती या वाटेने उमगली.

चाच्यांवरचे ते पुस्तक मी फुटपाथवरून घेतले ते खरे तर माझ्या मुलासाठी. लाकडी पायाचे कप्तान, पुरलेल्या पेट्या, खांद्यावर पोपट, असे काही त्यात असेल अशी माझी समजूत. तसे ते होतेही. पण मध्येच चारपाच पानांत विल्यम फ्लाय या माणसाची हकीगत आली. त्याच्याजवळ पुरलेली पेटी नव्हती. त्याने लुटलेल्या मालाची किंमत मांडायला बसले तर एखाद्या मध्यम व्यापाऱ्यालाही हसू येईल. त्याची चाचेगिरी जेमतेम चार आठवडे चालली. पण फाशीच्या तख्तावर उभा राहून तो जे बोलला ते वाचून मी पुस्तक मिटले, आणि मुलाला द्यायचे राहूनच गेले.

त्याच्याकडे वळण्यापूर्वी ‘चाचा’ या शब्दाविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे, कारण महाराष्ट्रात हा विषय निघाला की कोणीतरी कान्होजी आंग्र्यांचे नाव काढतोच. इंग्रजांनी आपल्या दप्तरांत आंग्र्यांना खुशाल चाचा म्हणून ठेवले. वास्तविक कान्होजी हे मराठी राज्याचे सरखेल. आपल्या राज्याच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक घ्यावे, हा त्यांचा हक्क होता. तसाच हक्क पोर्तुगीजही गाजवीत आणि त्यांना कोणी चाचे म्हणत नसे. गंमत अशी की हिंदी महासागरातल्या खऱ्या चाच्यांचा बंदोबस्त करण्यासाठी म्हणून इंग्लंडहून जे सरकारी आरमार कमोडोर मॅथ्यूजच्या हाताखाली निघाले, ते १७२१ साली पोर्तुगीजांच्या बरोबरीने कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवीत परत गेले. पुढे या मॅथ्यूजवरच मोहिमेत खाजगी व्यापार केल्याबद्दल आरमारी न्यायालयात खटला झाला. तर आंग्र्यांचा विषय वेगळा. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे तो कोणत्याही राज्याचा सरदार नव्हता. तो चाचा होता, खुनी होता, आणि नोकरदार होता.

आता नोकरदार म्हणजे कसला, ते पाहू. स्पेनच्या गादीवरून चाललेले युद्ध १७१३ साली संपले. युद्धाच्या अखेरीस इंग्रजांच्या सरकारी आरमारात सुमारे पन्नास हजार माणसे होती. दोन-तीन वर्षांत ती तेरा-चौदा हजारांवर आणली गेली. याला आजच्या भाषेत कामगारकपात म्हणतात. बंदराबंदरात बेकार खलाशांचे तांडे उभे राहिले आणि व्यापारी जहाजांच्या मालकांनी जे करायचे तेच केले. युद्धकाळात वाढलेला पगार खाली आणला. महिना पंचवीस शिलिंगांच्या आसपास तो येऊन थांबला, आणि तोही हातात पडे तेव्हा खरा. सफर पुरी होईपर्यंत पगार अडवून ठेवायचा, म्हणजे माणूस मध्येच पळत नाही. माल भिजला तर त्याची भरपाई खलाशाच्या पगारातून. कप्तानाने दिलेली दारू, तंबाखू, कपडा यांची किंमत दामदुपटीने पगारातून. वसाहतीच्या बंदरात पैसे द्यायची वेळ आली तर तिथल्या हलक्या चलनात द्यायचे. शिधा कमी, पाणी कुजके. याउपर कोणी तोंड उघडले तर कप्तानाच्या हातात चाबूक होता आणि समुद्रावर दुसरे न्यायालय नव्हते. कप्तानाने मारहाणीत खलाशाचा जीव घेतला तरी बहुधा त्याला शिस्त म्हणत. खलाशाने हात उचलला तर त्याला बंड म्हणत, आणि बंडाला फाशी होती.

यातली सर्वांत वाईट नोकरी म्हणजे गिनीच्या किनाऱ्याची. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जायचे, तिथे माणसे विकत घ्यायची, ती जहाजाच्या पोटात साखळ्यांनी बांधून अमेरिकेच्या आणि वेस्ट इंडीजच्या मळ्यांवर नेऊन विकायची. तापाने खलाशी मरत, हगवणीने मरत, आणि परतीच्या प्रवासात माल उतरून गेल्यावर हात जास्त झाले म्हणून पगार वाचवायला कप्तान त्यांना छळून छळून बंदरात पळवून लावीत. थॉमस क्लार्कसन या गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्याने १७८७ साली ब्रिस्टल आणि लिव्हरपूलच्या गोद्यांत हिंडून जहाजांची हजेरीपत्रके तपासली. त्या शतकाच्या अखेरच्या अशा हिशेबांवरून दिसते की गिनीला गेलेल्या पाच खलाशांतला एक सुमाराने परत येत नसे. एका दुकानदाराच्या हिशेबवहीसारखी ती हजेरीपत्रके. पण त्यांनी पुढे पार्लमेंट हलविले. कागद जपून ठेवा असे मी आमच्या पोरांना का सांगतो, ते यावरून ध्यानात यावे.

१७२६ च्या वसंतात जमेका बेटावर ‘एलिझाबेथ’ नावाचे दोन डोलकाठ्यांचे गलबत गिनीला जायला सिद्ध होते. कप्तान जॉन ग्रीन, ब्रिस्टलचा. त्याने विल्यम फ्लाय या सत्तावीस वर्षांच्या खलाशाला बोसन म्हणून नोकरीला घेतले. बोसन म्हणजे आपल्याकडे ज्याला सारंग म्हणतात तो. दोर, शिडे, नांगर हे सगळे त्याच्या देखरेखीखाली. साहेबाचा हुकूम खाली पोहोचवायचा आणि खालच्यांचे हाल पाहायचे, असे दोहोंच्या मधले ते पद. कारखान्यात मुकादमाचे असते तसे. मुकादम फिरला की खाते फिरते, हा माझा अनुभव आहे; आणि इथेही तेच झाले.

२७ मे १७२६. मध्यरात्र उलटून एक वाजला असेल. फ्लाय सुकाणूपाशी आला आणि तिथल्या माणसाला हलू नको म्हणून बजावले. मग तो आणि अलेक्झांडर मिचेल नावाचा खलाशी कप्तानाच्या खोलीत शिरले. ग्रीनला बिछान्यातून ओढून वर आणले. तो गयावया करू लागला. मला बेड्या घाला, कुठल्याही किनाऱ्यावर सोडा, पण माझ्या आत्म्याची तयारी झालेली नाही, अशा स्थितीत मला देवापुढे पाठवू नका, असे तो म्हणाला. त्याला कठड्यावरून लोटला तेव्हा त्याने मोठ्या शिडाचा दोर एका हाताने घट्ट धरला. तेव्हा थॉमस विन्थ्रॉप नावाच्या खलाशाने पिंपे करणाऱ्या सुताराची रुंद कुऱ्हाड उचलली आणि तो हात तोडला. कप्तान समुद्रात गेला. नंतर दुय्यम अधिकारी थॉमस जेन्किन्स याची पाळी. त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड बसली आणि तोही पाण्यात फेकला गेला. पाण्यातून तो जहाजाच्या डॉक्टरला हाका मारीत होता, दोर टाका म्हणून. डॉक्टर तोवर बांधला गेला होता.

हा भाग मी मुद्दाम गाळला नाही. आमच्या चळवळीत अशा गोष्टी सांगताना तोडलेला हात वगळायची एक सवय आहे. अन्यायाची यादी पुरी वाचायची, आणि उत्तर देताना आपल्या माणसाने काय केले ते आले की आवाज खाली आणायचा. मीही तसे केले आहे.

एक आठवण सांगतो. मी तेवीस-चोवीस वर्षांचा असेन. ज्या कारखान्यात होतो तिथे चार महिने पगार नव्हता. कारखान्याचे नाव सांगत नाही, तो आता उभाही नाही. दिवाळी तोंडावर होती. एका संध्याकाळी आम्ही दहाबारा जण मॅनेजरच्या खोलीत शिरलो. बोलायला म्हणूनच शिरलो होतो. पण तो माणूस खुर्चीवरून उठलाही नाही; घड्याळाकडे पाहून म्हणाला, उद्या या. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एकाच्या हातात कानस होती, मोठी, हातभर लांब. ती वर गेलेली मी पाहिली. आणि मी काय केले? काहीच नाही. मी पाहत राहिलो. मनातून मला ती खाली यावीशी वाटत होती, हे मी आज तुमच्यासमोर कबूल करतो. मध्ये आला तो एक म्हातारा फिटर, ज्याला आम्ही सगळे घाबरट समजत होतो. त्याने तो हात वरच्यावर धरला आणि म्हणाला, “अरे, याच्या रक्ताने तुझा पगार निघणार आहे का?” एवढेच. नंतर तो माणूसही रडला आणि आम्हीही. पगार निघाला दीड वर्षाने, कोर्टातून, आणि निम्माच. एलिझाबेथ गलबतावर असा फिटर नव्हता. असता तरी त्या समुद्रावर कोर्ट नव्हतेच. तेव्हा तो काय सांगणार होता, याचा विचार मी पुष्कळ केला आहे आणि मला उत्तर सापडलेले नाही.

असो. फ्लायला लोकांनी कप्तान केले. मोठ्या खोलीत दारूचे भांडे फिरले आणि गलबताचे नवे नाव ठरले, ‘फेम्स रिव्हेंज’. कीर्तीचा सूड म्हणा हवे तर. चाच्यांच्या जहाजांच्या नावांत हा ‘रिव्हेंज’ शब्द, म्हणजे सूड, वारंवार येतो. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या जहाजावर हाल सोसले, तो स्वतःच्या जहाजाला पहिले नाव देताना हाच शब्द का उचलतो, हे सांगायला पंडिताची गरज नाही.

चाच्यांच्या जहाजांवरचा कारभार कसा चाले, तेही सांगितले पाहिजे. माझ्यासारख्याला यात सर्वांत जास्त नवल वाटते. मोठ्या टोळ्या सफरीला निघण्यापूर्वी करारनामा लिहीत आणि त्यावर प्रत्येक जण सही किंवा अंगठा करी. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स, जो १७२२ साली लढाईत मेला, त्याच्या जहाजावरचा करारनामा उपलब्ध आहे. महत्त्वाच्या प्रश्नावर प्रत्येकाला एक मत. लुटीची वाटणी अशी की कप्तानाला दोन हिस्से, बोसन आणि तोफखान्याच्या प्रमुखाला दीड, बाकी अधिकाऱ्यांना सव्वा, आणि सामान्य माणसाला एक. ज्या काळी व्यापारी जहाजाचा मालक आणि खलाशी यांच्या कमाईत कित्येक पटींचे अंतर होते, त्या काळी हे दोनास एक. आणखी पाहा : कामात ज्याचा हात किंवा पाय गेला त्याला सामाईक ठेवीतून आठशे स्पॅनिश रुपये, आणि किरकोळ जखमेला त्या प्रमाणात. आपल्या देशात कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला १९२३ साली. दरोडेखोरांना ही गोष्ट दोनशे वर्षे आधी सुचावी आणि सभ्य सरकारांना सुचू नये, यावर अधिक भाष्य मी करीत नाही. पण कोणी लगेच चाच्यांच्या जहाजाला कामगारांचे राज्य म्हणू लागला तर मी त्यालाही थांबवीन. वाटणी समान होती ती लुटीची. ते लुटीचे पैसे दुसऱ्या कोणाच्या तरी घामाचे होते.

आणि याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. १६९५ साली मक्केहून सुरतेला परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. यात्रेकरूंचे हाल केले, स्त्रियांवर अत्याचार केले. बादशहाच्या रोषापायी सुरतेच्या वखारीतले इंग्रज बेड्यांत पडले. ही हकीगत आपल्याकडे थोडीफार ठाऊक आहे. पण त्या एव्हरीचे बंड सुरू कशावरून झाले, ते फारसे सांगितले जात नाही. लंडनच्या काही धनिक व्यापाऱ्यांनी स्पेनमधील कोरुन्या बंदरात जहाजे नेऊन ठेवली होती आणि महिनोन्महिने खलाशांना पगार दिला नव्हता. १६९४ च्या मे महिन्यात त्यातले एक जहाज घेऊन माणसे पळाली. लंडनच्या एका पेढीवर थकलेल्या पगाराचे पैसे शेवटी कोणी चुकते केले, तर सुरतेच्या यात्रेकरूंनी.

फ्लायचे चार आठवडे मी भराभर सांगतो. त्यात सांगण्यासारखे फार नाही. ३ जूनला कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर ‘जॉन अँड हॅना’ नावाचे गलबत त्यांना सापडले. कप्तान फुल्कर याला फ्लायने सांगितले की तुझे गलबत बंदराबाहेर काढून माझ्या स्वाधीन कर. वारा उलटा होता, ते जमले नाही. तेव्हा फ्लायने काय करावे? फुल्करला बांधून चाबकाने फोडून काढले. वाऱ्याचा दोष माणसाच्या पाठीवर काढायचा, ही विद्या तो जुन्या कप्तानाकडून शिकला असेल. ज्याच्याविरुद्ध बंड केले त्याचाच चाबूक आठवड्याभरात त्याच्या हातात आला. युनियनच्या कचेरीत खुर्ची मिळालेल्या माणसांचे असे होताना मी पाहिले आहे. म्हणून हा प्रसंग माझ्या ध्यानात राहिला. ते गलबत तर खडकावर फुटून बुडालेच. पुढे आणखी दोन-तीन जहाजे अडविली. कुठे कपडे मिळाले, कुठे शिडाचे कापड, कुठे एखादा माणूस. एकाही जहाजावर म्हणण्यासारखे धन सापडले नाही.

फुल्करच्या गलबतावर विल्यम अ‍ॅटकिन्सन नावाचा प्रवासी होता, पूर्वीचा कप्तान. किनाऱ्याची माहिती असलेला माणूस म्हणून फ्लायने त्याला जबरीने ठेवून घेतले. अ‍ॅटकिन्सनने नाइलाज ओळखून वरकरणी गोडी लावली. २३ जूनला न्यू इंग्लंडपुढच्या मासेमारीच्या पट्ट्यात त्यांनी एक मासेमारी गलबत धरले. तेवढ्यात दुसरे दिसले, तेव्हा फ्लायने आपली बरीचशी माणसे त्या धरलेल्या गलबतावर चढवून पाठलागाला पाठविली. स्वतःच्या जहाजावर उरले तो आणि तीन चाचे, आणि त्यांच्या चौपट कैदी. अ‍ॅटकिन्सनने वेळ साधली. नाळेवर उभा राहून तो म्हणाला, समोर आणखी शिडे दिसताहेत, येऊन पाहा. फ्लाय दुर्बीण घेऊन पुढे आला, हत्यारे मागे ठेवून. बाकीच्या कैद्यांनी त्याच्यावर झडप घातली. २८ जूनला जहाज बोस्टन बंदरात आले, आणि बेड्या आता दुसऱ्या पायांत होत्या.

४ जुलैला खटला सुरू झाला. चाच्यांसाठी इंग्रज सरकारने वसाहतींत खास न्यायालये नेमली होती. त्यांत ज्यूरी नसे. समोर बसलेले ते गव्हर्नर, अधिकारी आणि प्रतिष्ठित लोक. निकाल काय लागायचा तो लागला. फ्लाय, सॅम्युएल कोल आणि हेन्री ग्रीनव्हिल या तिघांना फाशी. चौथा, जॉर्ज काँडिक, विशीतला पोरगा. त्याची शिक्षा थांबविण्यात आली.

मग तुरुंगात कॉटन मॅथर आले. बोस्टनचे हे सर्वांत नामांकित धर्मोपदेशक, त्या वेळी त्रेसष्ट वर्षांचे. शेकडो पुस्तके आणि पुस्तिका त्यांच्या नावावर. दंडित चाच्यांना पश्चात्ताप करायला लावणे आणि त्याची हकीगत छापून काढणे हे त्यांचे जुने काम. लोकांपुढे चाचा रडला, त्याने दारूला आणि वाईट संगतीला दोष दिला, आईबापांचे ऐका म्हणून पोरांना उपदेश केला, की व्यवस्था सुखाने झोपते. कोल, ग्रीनव्हिल थोडे नरमले. फ्लाय नरमला नाही. आपण खून केला हे तो कबूल करीना. त्याचे म्हणणे एवढेच की कप्तान आणि त्याचा दुय्यम आम्हाला रानटीपणाने वागवीत. आमच्यासारख्या गरिबांना न्याय मिळत नाही. कप्तानांनी आम्हाला कुत्र्यासारखे वागविले तरी त्यांना कोणी जाब विचारीत नाही. हे सारे स्वतः मॅथर यांनीच लिहून छापले, म्हणून ते आपल्याला ठाऊक. मॅथर म्हणाले, ज्यांनी तुला पकडून दिले त्यांना क्षमा कर. फ्लायने उत्तर दिले की क्षमा केली असे मी म्हटले तर ते खोटे होईल, आणि मरताना मला खोटे बोलायचे नाही. रविवारी प्रार्थनामंदिरात प्रदर्शनासाठी नेऊ लागले तर तो गेला नाही. गर्दीने टकमका पाहावे म्हणून मी जाणार नाही, म्हणाला.

मॅथर यांना केवळ खलनायक करून मी मोकळा होणार नाही. याच माणसाने १७२१ च्या देवीच्या साथीत, शहराचा रोष पत्करून, देवी टोचण्याचा आग्रह धरला आणि कित्येकांचे प्राण वाचविले. मात्र ही युक्ती त्यांना सांगितली कोणी? त्यांच्या घरच्या आफ्रिकी गुलामाने. त्याचे नाव ओनेसिमस. मॅथर यांच्या अनुयायांनी तो विकत घेऊन त्यांना भेट दिला होता.

आणि इथे मला फ्लायलाही एक प्रश्न विचारावासा वाटतो. ‘एलिझाबेथ’ निघाले होते कुठे? माणसे विकत आणायला. त्या माणसांविषयी फ्लायच्या तोंडी एक अवाक्षर नाही. मॅथर देवाचे नाव घेत होते, फ्लाय न्यायाचे. ओनेसिमसच्या जातभाईंचा हिशेब दोघांच्याही वहीत नव्हता. आपली मागणी लिहिताना तिच्याबाहेर कोण राहिले, हे पाहायची बुद्धी आम्हालाही नेहमी उशिराच होते. कायम कामगारांच्या मागणीपत्रकांत कंत्राटी कामगारांचे कलम शेवटी येते, आणि तडजोडीत पहिले तेच गळते. अशा तडजोडींवर माझ्याही सह्या आहेत.

१२ जुलै १७२६. फ्लाय हातात फुलांचा लहानसा गुच्छ घेऊन, वाटेत लोकांना नमस्कार करीत फाशीच्या जागी आला आणि चपळाईने तख्तावर चढला. जल्लादाने फास लावला. फ्लायने गाठीकडे पाहिले आणि तुला तुझा धंदा येत नाही म्हणून त्याला बोलला. मग आपल्या हाताने ती गाठ सोडून नीट बांधली. बोसन होता तो. दोराचे काम वाईट झालेले त्याला पाहवेना. मॅथर यांनी लिहून ठेवले आहे की या सगळ्या ऐटीत त्याचे हात आणि गुडघे थरथरत होते. मला ते खरे वाटते, आणि त्याने त्याच्याविषयीचा माझा आदर कमी होत नाही.

शेवटचे शब्द बोलायला सांगितले तेव्हा तो उपदेश करील, पोरांना सावध करील अशी सर्वांची अपेक्षा. त्याने सावध केले ते कप्तानांना. ग्रीनची जी गत झाली ती ध्यानात ठेवा, असे तो म्हणाला. खलाशांचा पगार वेळच्या वेळी द्या आणि त्यांना नीट वागवा. तुमच्या क्रूरपणामुळेच इतके लोक चाचे होतात. बंदर जहाजांनी भरलेले होते आणि त्या गर्दीत जहाजांचे कप्तान नक्कीच उभे असणार.

त्या दहा वर्षांत, १७१६ ते १७२६, अटलांटिकच्या दोन्ही काठांवर चारशेहून अधिक चाच्यांना फाशी झाली, असे त्या काळाच्या अभ्यासकांचे अनुमान आहे. फ्लाय हा त्या लाटेतल्या अखेरच्यांपैकी. त्याची मागणी मात्र राहिली. १७६८ साली लंडनच्या नदीवर पगारकपात झाली तेव्हा खलाशांनी कोणाचा हात तोडला नाही. ते जहाजाजहाजावर चढले आणि शिडे खाली उतरविली. शीड उतरविण्याला त्यांच्या भाषेत जो शब्द होता, ‘स्ट्राइक’, तोच पुढे साऱ्या जगातल्या कामगारांनी घेतला. त्या दिवसापासून चाच्याला जे साधले नाही ते साधायची एक रीत हाती आली. मुंबई बंदरात १८ फेब्रुवारी १९४६ ला ‘तलवार’वरच्या नाविकांनी अन्न आणि अपमान यांवरून काम बंद केले, तेव्हा तीच रीत. त्यांच्या पाठीशी गिरणगाव रस्त्यावर उतरले आणि गोळ्या खाल्ल्या. ते सांगणारी माणसे माझ्या लहानपणी आमच्या चाळीत होती.

जहाजावरच्या माणसाच्या पगाराचा आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला आणि आपला देश त्यात २०१५ साली आला. तरीसुद्धा २०२४ साली मालकांनी पगार, अन्न, पाणी न देता वाऱ्यावर सोडलेल्या तीनशेवर जहाजांची नोंद आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने केली. त्यांवर तीन हजारांहून अधिक खलाशी होते आणि त्यांत सर्वांत जास्त आपले, भारतीय. रत्नागिरीकडच्या एका मुलाचा फोन मला एकदा अशाच जहाजावरून आला होता. आठ महिने पगार नाही, नांगर टाकून उभे आहोत, पावसाचे पाणी धरून पितो, म्हणाला. मी त्याला म्हटले, नेमणुकीचा कागद, हजेरी, कप्तानाशी झालेला पत्रव्यवहार, सगळ्याचे फोटो काढून पाठव. तो म्हणाला, “काका, इथे एक जण म्हणतोय, कप्तानालाच पाण्यात टाकू.” मी म्हटले, त्याला फोन दे. मी त्या दुसऱ्या मुलाशी अर्धा तास बोललो. फ्लायचे नाव मी घेतले नाही. काय बोललो तेही आता नीट आठवत नाही. तो कप्तानही बिचारा आठ महिने बिनपगारीच होता. पाच महिन्यांनी सगळे घरी आले.

फ्लायचे प्रेत बोस्टनच्या बंदरात निक्सेस मेट नावाच्या बेटावर साखळदंडांत लटकावून ठेवले, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला दिसावे असे. बाकी दोघांना तिथेच पुरले. त्या बेटाविषयी एक दंतकथा आहे. निक्स नावाच्या कप्तानाच्या खुनाबद्दल त्याच्या दुय्यम अधिकाऱ्याला तिथे फाशी दिले, आणि मी निरपराध असेन तर हे बेट वाहून जाईल असे तो मरताना म्हणाला, अशी ती कथा. खरे-खोटे काहीही असो, सतराव्या शतकात बारा एकरांचे ते बेट होते आणि त्यावर मेंढ्या चरत. समुद्राने ते हळूहळू खाऊन टाकले. आता तिथे भरतीच्या वेळी पाण्याबाहेर फारसे काही राहत नाही. दगडी ओट्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक टोकदार खांब उभा आहे, खडकाची खूण म्हणून. त्याच्या बाजूने जहाजे वळतात.